नवा कॅटॅलिस्ट मागवण्याआधी बायपासची झडप तपासा

तुम्ही विचारलंय की लाकूड जाळायच्या कॅटॅलिटिक स्टोव्हला (म्हणजे ज्यात धूर जाळणारी लेप दिलेली जाळी, कॅटॅलिस्ट, बसवलेली असते) सहा हिवाळे झाले, यंदा बायपासची झडप (उघडी असली की धूर थेट चिमणीत सोडणारी, लावली की कॅटॅलिस्टमधून नेणारी) लावली तरी चिमणीतून धूर दिसतो, काच काळी पडते, लाकूडही जास्त लागतं. तर सिरॅमिकचा कॅटॅलिस्ट काढून स्टीलचा बसवावा का, आणि त्याच्यासोबत आणखी कोणते भाग बदलून घ्यावेत?

लगेच काहीही मागवू नका. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं मी स्वतः पाहिली आहेत आणि त्या वेळी दोष कॅटॅलिस्टचा नव्हता. आमच्या स्टोव्हचा तो पाचवा हिवाळा. चिमणीतून धूर दिसायला लागल्यावर मी थेट नवा कॅटॅलिस्ट आणून बसवला आणि धुरात तसूभर फरक पडला नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं झालं होतं. स्टोव्ह थंड करून आत टॉर्च मारला तेव्हा दिसलं की बायपासच्या झडपेचं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी उष्णता सोसणारी दोरी, एका कोपऱ्यात बोटभर तुटलंय. झडप बंद केली तरी धूर कॅटॅलिस्टमधून न जाता त्या फटीतून सरळ वर जात होता. दोरीचा एक तुकडा बदलला आणि त्याच संध्याकाळी चिमणी स्वच्छ झाली. काढून ठेवलेला जुना कॅटॅलिस्ट धुऊन परत लावला, तो आणखी दोन हिवाळे चालला.

म्हणून पहिली तपासणी झडपेची. स्टोव्ह पूर्ण थंड असताना झडप जिथे टेकते ती कड ब्रशने साफ करा, कडेला खडू फासा, झडप लावा आणि परत उघडा. गॅस्केटवर खडूची रेघ अखंड उमटली पाहिजे. जिथे रेघ तुटते तिथे फट आहे. काही स्टोव्हमध्ये गॅस्केट नसतं, लोखंडावर लोखंड बसतं. तिथे राखेचा एखादा खडा अडकला किंवा पत्रा वाकला तरी हेच होतं. खोलीत अंधार करून एका बाजूने टॉर्च धरला की अशी फट लगेच दिसते.

झडप ठीक निघाली तर मग कॅटॅलिस्ट जिवंत आहे का ते पाहा. त्याला पैसे लागत नाहीत. चांगला जाळ करा, कॅटॅलिस्टचा थर्मामीटर 260 अंश सेल्सिअसच्या वर गेला की झडप लावा. पुढच्या दहा-वीस मिनिटांत काटा वर चढत गेला पाहिजे आणि चिमणीतला धूर विरळ झाला पाहिजे. मग क्षणभर झडप उघडा. धूर परत आला, तर कॅटॅलिस्ट काम करतोय. थंडीत चिमणीतून पांढरी वाफ दिसते, तिला धूर समजू नका. वाफ थोड्याच अंतरावर विरून जाते, धूर निळसर-करडा असतो आणि हवेत रेंगाळतो. आणखी एक गैरसमज असा की कॅटॅलिस्ट लाल दिसला नाही तर तो मेला. मंद आचेवर चाललेला निरोगी कॅटॅलिस्ट बहुतेक वेळ काळाच दिसतो.

आता तो मरतो कसा हे थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. लाकडाचा धूर म्हणजे न जळलेलं इंधनच. नुसत्या जाळात तो पेटायला साधारण 600 अंश लागतात. मधाच्या पोळ्यासारख्या त्या जाळीवर पॅलेडियम किंवा प्लॅटिनमचा अतिशय पातळ लेप असतो, आणि त्या लेपावर तोच धूर 260 अंशांच्या आसपास जळायला लागतो. म्हणजे सगळं काम लेपाचं आहे, जाळी फक्त त्याला जागा देते. हा लेप तीन प्रकारे निकामी होतो.

पहिला प्रकार म्हणजे झाकला जाणं. राख आणि काजळी लेपावर बसते, धूर त्याच्यापर्यंत पोचत नाही. काजळी एखादा तास कडक जाळ केला की जळून जाते. राख झाडावी लागते. ही अवस्था परतवता येते आणि टाकून दिलेले कितीतरी कॅटॅलिस्ट याच अवस्थेत असतात असं माझं मत आहे.

दुसरा प्रकार विषबाधेचा. शिसं, जस्त, गंधक यांसारखी द्रव्यं लेपाला चिकटतात आणि सहसा सुटत नाहीत. रंगवलेलं लाकूड, औषध मारलेल्या फळ्या, जस्ताच्या मुलाम्याचे खिळे ठोकलेली लाकडं, रंगीत चकचकीत कागद, प्लॅस्टिक, दगडी कोळसा, समुद्रातून वाहून आलेलं खारं लाकूड, यातलं काहीही या स्टोव्हमध्ये जाता कामा नये. मोटारींच्या बाबतीत जगाने हे आधीच अनुभवलं आहे. अमेरिकेत 1975 च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाल्या (धुरातली घाण अशाच लेपावर साफ करणाऱ्या) गाड्या आल्या आणि त्यांच्यात शिसं नसलेलंच पेट्रोल भरणं भाग झालं. स्टोव्हमधली सिरॅमिकची जाळी त्याच घराण्यातली आहे.

तिसरा प्रकार अतिउष्णतेचा. 900 अंशांच्या वर वारंवार गेलं की लेपातले धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, काम करणारा पृष्ठभाग घटतो आणि तो परत मिळत नाही. जाळाच्या ज्वाळा थेट कॅटॅलिस्टला चाटत असतील तर हे हमखास होतं. म्हणूनच त्याच्यासमोर ज्वाळा अडवणारी पत्र्याची किंवा जाळीची ढाल असते. ती पापुद्रे सुटून पातळ झाली असेल, वाकली असेल, तर नवा कॅटॅलिस्ट आणण्याआधी ती ढाल आणा. ढाल कुजकी आणि कॅटॅलिस्ट नवा, हा पैशांचा सरळ अपव्यय आहे, आणि मला तो पाहवत नाही.

दाराचं गॅस्केटही याच साखळीत येतं. ते ढिलं झालं की तुम्ही हवेचं बटण कितीही कमी करा, फटीतून हवा शिरते, जाळ आटोक्यात राहत नाही आणि कॅटॅलिस्ट तापत जातो. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सगळ्या कडांना ती अडखळली पाहिजे. सहज सरकली तर दोरी बदला. नवी दोरी मूळ जाडीचीच घ्या आणि चिकटवताना ताणू नका. ताणलेली दोरी बारीक होते, मग नवी असूनही फट राहते. जुना गोंद खरवडून काढताना मास्क लावा. स्टोव्ह 1980 च्या आधीचा असेल तर दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती कोरडी खरवडू नका, जाणकाराकडून काढून घ्या.

आता साफसफाई. कॅटॅलिस्ट बाहेर काढायचा तो स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावरच. रंगकामाचा मऊ ब्रश घ्या, हळू हाताने दोन्ही तोंडं झाडा, व्हॅक्यूमची नळी थोडी लांब धरा. तार खुपसू नका, खरवडू नका, कारण राखेबरोबर लेपही निघतो. सिरॅमिकला केसासारख्या भेगा दिसल्या तर घाबरू नका. भेगा असलेला कॅटॅलिस्ट वर्षानुवर्षं काम करतो. तुकडे निखळले असतील, मधे भगदाड पडलं असेल, तर मात्र तो गेला.

झाडूनही तापमान चढत नसेल तर शेवटचा उपाय व्हिनेगरचा. पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात घेऊन त्यात कॅटॅलिस्ट अर्धा तास मंद आचेवर ठेवायचा, खळाखळा उकळायचा नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात दोनदा, प्रत्येकी पंधरा मिनिटं. नंतर ओव्हनमध्ये 150 अंशांवर तासभर पूर्ण वाळवायचा. आत ओल राहिली आणि तसाच जाळावर गेला तर सिरॅमिक तडकतं. हे करण्याआधी तुमच्या उत्पादकाची पुस्तिका वाचा, सगळे याला परवानगी देत नाहीत. माझा जुना कॅटॅलिस्ट मी याच पद्धतीने धुतला होता.

हे सगळं करूनही उत्तर नकारार्थी आलं तर तो बदला. साधारण 10,000 तास चालला तर त्याने आपलं काम केलं असं मी धरतो. रोज बारा तास आणि वर्षाला पाच महिने पेटवला तर 1,800 तास होतात, म्हणजे साडेपाच हिवाळे. तुमचा सहा हिवाळे झालेला आहे, त्यामुळे तो खरंच थकलेला असण्याची शक्यता नाकारत नाही. फक्त कारण शोधल्याशिवाय नवा लावू नका एवढंच.

सिरॅमिक की स्टील? स्टीलच्या कॅटॅलिस्टच्या जाळीचे पडदे पातळ असतात, म्हणून तो लवकर तापतो, कमी तापमानाला काम सुरू करतो आणि तडकत नाही. लहान-लहान जाळ करणाऱ्यांना आणि दिवसातून दोनदा नव्याने पेटवणाऱ्यांना त्याचा फायदा जाणवतो. उलट सिरॅमिक उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे रात्रभर मंद जळणाऱ्या स्टोव्हमध्ये ते स्थिर चालतं. स्टीलवर ज्वाळा आदळल्या तर ते वाकतं, आणि छिद्रं बारीक असली की राखेने लवकर बुजतात. मी स्वतः सिरॅमिकवरच राहिलो, कारण आमचा स्टोव्ह अखंड पेटता असतो. तुम्ही स्टील घ्यायचं ठरवलं तर तुमच्या मॉडेलसाठी उत्पादकाने मान्य केलेलाच घ्या. लांबी-रुंदी जुळली म्हणून भागत नाही. जाडी आणि छिद्रांची दाटीही जुळली पाहिजे, नाहीतर चिमणीची ओढ कमी पडते आणि दार उघडताच धूर घरात येतो.

बसवताना त्याच्याभोवतीचं फुगणारं गॅस्केट दरवेळी नवं घ्या. त्यातले व्हर्मिक्युलाइट या खनिजाचे कण पहिल्या तापाने फुगतात आणि कॅटॅलिस्टला घट्ट धरतात. एकदा फुगलेलं गॅस्केट पुन्हा तसं फुगत नाही. ते जागेवर राहावं म्हणून वरून साधी मास्किंग टेप गुंडाळा, ती जळून जाते.

खरी सुधारणा करायचीच असेल तर माझं मत तापमान मोजण्यावर खर्च करा असं आहे. काट्याचे थर्मामीटर काही वर्षांत चुकीचं दाखवायला लागतात आणि आपण त्यांच्या भरवशावर झडप लवकर लावतो किंवा उशिरा. के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि अंक दाखवणारा छोटा मीटर लावल्यापासून मला कॅटॅलिस्टमध्ये काय चाललंय ते मिनिटामिनिटाला कळतं. लाकूड ओलं असेल तर आकडा आधी सांगतो, चिमणी नंतर.

ओल्या लाकडाबद्दल शेवटचं. ओंडका ताजा फोडून आतल्या बाजूला मीटर टोचा, ओल 20 टक्क्यांच्या खाली हवी. बाहेरून टोचलं तर आकडा फसवा येतो. लाल झालेल्या कॅटॅलिस्टवर ओल्या लाकडाची वाफ आली की सिरॅमिक तडकतं, म्हणून सरपण घालताना आधी झडप उघडा, मग दार, आणि नवं लाकूड नीट पेटून तापमान परत चढलं की झडप लावा. चिमणी वर्षातून एकदा झाडून घ्या, इतके दिवस धूर जळला नसेल तर आत डांबरासारखी काजळी साचलेली असणार आणि तीच पेट घेते. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो आधी लावा.

खडूची रेघ कशी आली, आणि झडप लावल्यावर वीस मिनिटांत काटा कितीवरून कितीवर गेला, एवढे दोन आकडे इथे लिहा. कॅटॅलिस्ट चौकोनी आहे की गोल आणि किती जाड, तेही सांगा, म्हणजे बदलायचाच असला तर काय शोधायचं ते सांगता येईल.