सहा फुटी फिश टँकमधला दगड सुटलाय, पाणी न काढता चिकटवता येईल का?

हो, आरामात येतो, फक्त सिलिकॉनच्या नादी लागू नका, ते ओल्या काचेला धरतच नाही. पाण्यात सेट होणारी दोन भागांची इपॉक्सी पुटी घ्या, ॲक्वेरियम-सेफ लिहिलेलीच, क्रॉफर्ड मार्केटच्या ॲक्वेरियमवाल्यांकडे विचारा. आधी हीटर, फिल्टर सगळ्यांचे प्लग काढा मगच हात घाला, हे प्लीज सिरियसली घ्या. दगडावरचं शेवाळ जुन्या टूथब्रशने पार खरवडा, पुटी एकसारख्या रंगाची होईस्तोवर मळा आणि दाबून नुसती चिकटवू नका, थोडी पिळल्यासारखी फिरवा म्हणजे मधलं पाणी बाहेर जातं. पाणी जरा दुधाळ होईल, घाबरू नका. पण काचेचा जोडच गळत असेल तर मात्र टँक रिकामा करावाच लागेल.