वाचकांचे प्रश्न : खरी टीम एकाच गेममध्ये का?

प्रश्न : आम्ही कॉलेजात असताना मडगावला मित्राच्या घरी कोनामी कंपनीचा पीईएस हा फुटबॉल गेम खेळायचो. त्यात चेल्सीला ‘लंडन एफसी’ आणि मँचेस्टर सिटीला ‘मॅन ब्ल्यू’ म्हणायचे, जर्सी पण भलत्याच. खेळायला तो गेम ईए कंपनीच्या फिफा गेमपेक्षा भारी होता, मग नावं खोटी का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : कारण फुटबॉल हा खेळ कोणाच्या मालकीचा नाही, पण नाव, लोगो आणि जर्सी मालकीची असतात. उद्या तुम्ही अकरा विरुद्ध अकराचा, ऑफसाइड-पेनल्टीसकट गेम बनवलात तर कोणी अडवणार नाही, पण त्यात चेल्सी लिहायचं असेल तर लायसन्स लागतं. ते लायसन्स एका ठिकाणी मिळत नाही. लीगचं वेगळं, क्लबचं वेगळं, आणि खेळाडूंची नावं-चेहरे बहुतेक वेळा त्यांच्या युनियनकडून म्हणजे फिफप्रोकडून एकगठ्ठा घ्यावे लागतात. प्रीमियर लीगचं लायसन्स ईएकडे होतं, म्हणून कोनामीला एखाददुसरा क्लब स्वतंत्रपणे गाठावा लागायचा आणि बाकीचे ‘लंडन एफसी’ व्हायचे.

पण हा खेळ दोन्ही बाजूंनी चालतो हं. २०१९ मध्ये कोनामीने इटलीच्या युव्हेंटस क्लबशी एक्स्क्लुझिव्ह करार केला आणि फिफा २० मध्ये त्या टीमचं नाव झालं ‘पिएमॉन्टे काल्चो’. रोनाल्डो मात्र रोनाल्डोच राहिला, कारण खेळाडूचा हक्क वेगळ्या खिशातला. चॅम्पियन्स लीग दहा वर्षं कोनामीकडे होती, २०१८ ला सुटली आणि लगेच फिफा १९ मध्ये आली. म्हणून एकट्या ईएला नावं ठेवून मला समाधान होत नाही. ‘फक्त तुलाच देतो’ असं लीग किंवा क्लब म्हणतो तेव्हाच ही गोष्ट सुरू होते.

प्रश्न : मुलगा दरवर्षी चतुर्थीनंतर नवा फुटबॉल गेम मागतो, तोही पूर्ण किमतीत. मला तर गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या गेममध्ये काही फरक दिसत नाही. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त गेम घे म्हटलं तर म्हणतो आई, दुसरा नाहीच. हे खरं आहे का? (एक आई, म्हापसा)

उत्तर : ताई, तुमचा मुलगा जवळपास खरंच बोलतोय. कोनामीचा ईफुटबॉल फुकट मिळतो, तो त्याला जरूर दाखवा, पण सगळ्या मोठ्या लीग खऱ्या नावांनी हव्या असतील तर ईएचा एकच पर्याय उरतो. आणि पर्याय नसला की किमतीचं काय होतं हे बघायचं तर अमेरिकन फुटबॉलची गोष्ट ऐकायलाच हवी, गोव्यात तो खेळ कोणी बघत नसलं तरी.

२००४ साली एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगचे, दोन तगडे गेम होते, ईएचा मॅडन आणि सेगाने आणलेला ईएसपीएन एनएफएल २के५, जो व्हिज्युअल कन्सेप्ट्स नावाच्या स्टुडिओने बनवला होता. सेगाने काय केलं, तर आपला गेम सुरुवातीपासूनच १९.९९ डॉलरला काढला, जेव्हा असे गेम ५० डॉलरच्या आसपास विकले जायचे. आणि गेम स्वस्त होता म्हणून रद्दी नव्हता, आजही लोक तो आठवणीने खेळतात. मग मॅडनला पण खाली यावं लागलं, त्याच हंगामात किंमत २९.९५ वर आली. म्हणजे घरात बसलेल्या पोराला चांगला गेम निम्म्याहून कमी पैशात मिळत होता आणि दोन्ही कंपन्या एकमेकींवर मात करायला नवीन काहीतरी करत होत्या. मला यात काहीच वाईट दिसत नाही, हे असंच चालायला हवं होतं.

पण डिसेंबर २००४ मध्ये एनएफएल आणि खेळाडूंच्या युनियनने ईएला एक्स्क्लुझिव्ह लायसन्स दिलं. टीम, स्टेडियम, खेळाडू, सगळं एकाच कंपनीकडे. पुढच्या महिन्यात ईएसपीएनशीही ईएने पंधरा वर्षांचा करार केला, म्हणजे सेगाच्या गेमचं अर्धं नावच गेलं. सेगाने स्टुडिओ विकला, टेक-टूने घेतला, त्यातून २के स्पोर्ट्स उभं राहिलं. पुढच्या वर्षी मॅडन परत ५० डॉलरला. २००७ मध्ये २केने निवृत्त खेळाडूंना घेऊन ‘ऑल-प्रो फुटबॉल २के८’ काढून बघितला, पण आवडती टीम नाही म्हटल्यावर किती जण घेणार? गावात एकच पोदेर ठेवला आणि दुसऱ्याला पाव विकायला बंदी केली तर भाव तोच ठरवणार आणि पाव कसा भाजायचा तेही तोच ठरवणार, तसं झालं. तुम्हाला दोन वर्षांच्या गेममध्ये फरक दिसत नाही ना, त्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं. ग्राहक दुसरीकडे जाऊच शकत नसेल तर घाई कोणाला?

प्रश्न : मी लॉचा विद्यार्थी आहे. एकाच कंपनीला सगळे हक्क देणं हे कॉम्पिटिशन लॉमध्ये बसतं का? कोर्टात कोणी गेलं नाही? (एक वाचक, वास्को)

उत्तर : गेले ना. २००८ मध्ये अमेरिकेत गेम घेणाऱ्या ग्राहकांनीच ईएवर क्लास अ‍ॅक्शन, म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकत्र, दावा लावला, पेकोव्हर केस म्हणतात तिला. मुद्दा हाच की स्पर्धा संपवून किंमत वाढवली. ईएने चूक मान्य केली नाही पण २०१२ मध्ये २.७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्यात ईएने कॉलेज फुटबॉलचं एक्स्क्लुझिव्ह लायसन्स पुन्हा न घेण्याचंही कबूल केलं, पाच वर्षांसाठी. पण एनएफएलचा हक्क तसाच राहिला, आणि खरा पैसा तिथेच होता.

तू अमेरिकन नीडल ही केस नक्की वाच. ती गेमची नाही, टोप्यांची आहे. एनएफएलने टीमच्या टोप्या बनवायचा हक्क एकट्या रीबॉकला दिला म्हणून एक छोटी कंपनी लढली. लीगचं म्हणणं होतं की आम्ही ३२ टीम मिळून एकच धंदा आहोत, मग आपापसात कट कसला. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ते नाकारलं. करार बेकायदा ठरला असं नाही, पण लीगला या कायद्यातून आपोआप सूट नाही हे पक्कं झालं.

आपल्याकडे पण उदाहरण आहे. आयपीएलच्या मीडिया हक्कांच्या करारात बीसीसीआयने दहा वर्षं दुसऱ्या तशा लीगला मान्यता देणार नाही असं कबूल केलं होतं, त्यावर स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये ५२.२४ कोटींचा दंड ठोठावला. अपिलात तो आदेश रद्द झाला आणि २०१७ मध्ये आयोगाने तेवढाच दंड परत लावला. गेमच्या लायसन्सवर हा विचार लावून बघायला तुझ्यासारख्या मुलांनी पुढे यायला हवं.

प्रश्न : फिफा २२ मध्ये आपली आयएसएल (इंडियन सुपर लीग) आली, एफसी गोवाची जर्सी घालून खेळताना अंगावर काटा आला होता. एक्स्क्लुझिव्ह करारामुळे लीगला पैसा मिळतो, मग तुमचा विरोध का? (एक चाहता, फातोर्डा)

उत्तर : तो आनंद अगदी खरा आहे, आणि आपला क्लब जगभरातल्या पोरांना दिसला याचा मलाही अभिमान आहे. लायसन्स देण्याला विरोध नाहीच, ते एकालाच देण्याला आहे. एफसी गोवा दोन गेममध्ये असला तर दुप्पट पोरं त्याला ओळखतील की.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूने सांगतो. बास्केटबॉलमध्ये एनबीएने दोघांनाही लायसन्स दिलं होतं, तरी ईएचा एनबीए एलिट ११ इतका फसला की तो दुकानात येण्याआधीच रद्द झाला, आणि मैदान २केला मोकळं मिळालं. म्हणजे दार उघडं ठेवलं तरी दोन चांगले गेम मिळतीलच अशी हमी नाही. पण तिथे २के जिंकलं ते चांगला गेम बनवून, आणि उद्या कोणी उभं राहिलं तर दार बंद नाही. मला एवढंच हवंय.

बेसबॉलचं बघ, एमएलबी द शो हा सोनीचा गेम, वर्षानुवर्षं फक्त प्लेस्टेशनवर, आणि २०२१ मध्ये तो एक्सबॉक्सवर आला तो एमएलबीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉल लीगच्या, निर्णयाने. मनात आणलं तर लीग काय करू शकते ते यातून कळतं. आणि एकाच हातात पंधरा वर्षं सगळं दिलं की काय होतं ते भारतीय फुटबॉलनेच भोगलंय. २०१० मध्ये एआयएफएफने, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाने, सुमारे ७०० कोटींना पंधरा वर्षांचे हक्क एका कंपनीला दिले, आणि मुदत संपायला आली तशी २०२५ मध्ये पुढच्या करारावाचून आयएसएलचा हंगामच थांबवून ठेवावा लागला. करार दोन-तीन वर्षांचे असावेत, आणि एकापेक्षा जास्त जणांना मिळावेत, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : मी डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी गोव्याच्या जुन्या क्लबांचा छोटा फुटबॉल गेम बनवतोय, धेंपो, साळगावकर, चर्चिल. नावं वापरू का? (एक विद्यार्थी, डिचोली)

उत्तर : आधी क्लबांना पत्र लिही. कॉलेजचं प्रोजेक्ट आहे, विकायचं नाही, किती दिवसांसाठी हवंय, हे स्पष्ट लिही आणि परवानगी लेखी घे. लोगो आणि खेळाडूंची नावं वेगवेगळी माग, कारण क्लब हो म्हणाला म्हणजे खेळाडू हो म्हणाला असं होत नाही. तोवर गेम खोट्या नावांनी बनवत राहा आणि टीमची नावं वेगळ्या फाइलमध्ये ठेव, म्हणजे परवानगी आली की फक्त ती फाइल बदलायची. पीईएसवाले चाहते खऱ्या नावांची ‘ऑप्शन फाइल’ टाकून हेच करायचे. आणि गेम झाला की आम्हाला कळव, खेळायला आवडेल.