नोकरी करणाऱ्या आईने लहान मुलांसोबतचे रोजचे छोटे क्षण जपायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की मोठी चार वर्षांची, धाकटा दीडचा, नोकरी नऊ तासांची, आणि भेटेल तो 'हे दिवस परत येणार नाहीत हो' असं ऐकवून जातो. मग हे दिवस धरून ठेवायचे कसे?

आधी त्या वाक्याचंच बघू. मला ते बसमध्ये, देवळात, चवथीला गणपतीच्या वर फळा-भाज्यांची माटोळी बांधताना, सगळीकडे ऐकवून झालंय. ऐकवणाऱ्यांपैकी एकीनेही अजून 'दे इकडे, तासभर मी सांभाळते' म्हटलेलं नाही. त्यामुळे ते मनावर घेणं मी सोडून दिलं. तुम्हीही सोडा.

मी फोंड्याजवळ राहते आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये काम करते. सकाळी सव्वासातला कंपनीची बस, बोरीचा पूल, लोटली, वेर्णा; संध्याकाळी सहाच्या सुमारास परत. दोन्ही बाळंतपणांत २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. प्रसूती रजेच्या कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, त्याआधी ती १२ आठवड्यांचीच होती, हे आमच्या सीनियर बाई अधूनमधून अशा काही सुरात सांगतात की जणू उरलेले १४ आठवडे मी त्यांच्या खात्यातून उचलले. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन जादा सुट्ट्या कायद्याने मिळतात. माझं मूल वीसेक किलोमीटरवर, नदीपलीकडे. त्या सुट्टीत मी बायकांच्या चेंजिंग रूममध्ये दाराला पाठ लावून दूध काढायचे. ५० किंवा जास्त कर्मचारी असले तर पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. तुमच्याकडे ते नसेल तर विचारा, आणि लेखी विचारा. आमच्याकडे तोंडी विचारलं होतं. मुलगा चालायला लागला तरी उत्तर 'बघतोय' एवढंच.

तो चालायला लागला तेव्हा मी तिथे नव्हते. ऑडिटचा आठवडा होता, घरी यायला रोज आठ-साडेआठ. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालता घालता त्याची पाच पावलं पाहिली. आदल्या दिवशीच्या पावलांत असं काय होतं जे या पाचांत नव्हतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्या वेळी बसमध्ये रडले, खोटं कशाला सांगू.

मला वाट सापडली ती लॅबमध्येच. मी स्टॅबिलिटी विभागात आहे. म्हणजे असं की एखाद्या गोळीची बॅच ठराविक तापमानाच्या आणि दमटपणाच्या कपाटात ठेवायची आणि काळ तिचं काय करतो ते बघायचं. आता त्या कपाटासमोर कोणी दोन वर्षं खुर्ची टाकून बसत नाही. सुरुवातीला एकदा तपासायची, मग ३, ६, ९, १२, १८, २४ महिन्यांनी नमुने बाहेर काढायचे, दर वेळी त्याच चाचण्या त्याच पद्धतीने करायच्या, आकडे लिहायचे आणि कपाट बंद. मधले दिवस गोळी आपली आत असते. तेवढ्या नोंदींवरून आम्ही तिच्या अख्ख्या आयुष्याबद्दल बोलतो, आणि लोक ती गोळी विश्वासाने गिळतात.

एका संध्याकाळी बोरीच्या पुलावर बस अडकली होती, तेव्हा डोक्यात आलं की मुलांच्या बाबतीत मी उगाच त्या कपाटासमोर खुर्ची टाकायला निघाले आहे, आणि खुर्ची मिळत नाही म्हणून कुढते आहे.

मग ठरवलं: रोजची एकच वेळ धरायची, आणि ती पोदेराची.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, पोदेर म्हणजे पाववाला. सायकलच्या मागे टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक, आणि रबरी भोंगा. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. आमच्याकडे साडेसहाच्या आसपास येतो. हे ठरण्याआधी रात्रीच्या चपात्यांची कणीक मळायला मी याच वेळी ओट्याशी असायचे. आठवड्यातून चार दिवस चपात्या बंद केल्या. सासूबाईंना पटलं नाही. "पोरांना रात्रीचा पाव?" दोन-तीन दिवस घरात जरा गारठा होता. मग पोई (पोदेराकडचा गोल, आतून पोकळ पाव) हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, बुडवून खाताना त्याच म्हणाल्या, चपातीपेक्षा ही रस बरा धरते. तो विषय तिथेच मिटला. (नवऱ्याने चपात्या शिकाव्यात असाही एक पर्याय होता. त्याचे प्रयत्न चालू आहेत. नकाशे चांगले काढतो.)

तर सव्वासहा ते पावणेसात आम्ही तिघं पुढच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसतो. फोन आत. करायचं काहीच नसतं, फक्त भोंग्याची वाट बघायची. मुलांना तो माझ्याआधी ऐकू येतो, अगदी वळणापलीकडे असताना. धाकटा ताठ होतो, एक बोट वर करतो, श्वास धरतो. मग पों पों. कोंडा लावलेली पोई हातात आली की तो मधोमध बोट खुपसतो, आतली वाफ बाहेर येते, आणि दचकून बोट काढतो. रोज. रोज तेच बोट, रोज तेवढाच दचकतो. पावसाळ्यात टोपलीवरच्या प्लास्टिकवरून पाणी ओघळत असतं आणि पोई जरा मऊच पडते, तरी बोट आत जातंच.

रोज मी हे डोळे भरून बघते असं नाही. कधी मनात दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट असतो, कधी मोठीवर ओरडून झालेलं असतं. बसायचं मात्र चुकवत नाही.

आणि ठरलेल्या महिन्यांना नमुना काढते. फोनवर फक्त आवाज, दीड-दोन मिनिटं, आणि प्रश्न कायम एकच: "आज पोदेराने काय दिलं?" फोटो माझ्याकडे हजारो आहेत, उघडून बघत नाही. या सात नोंदी मात्र बसमध्ये कान लावून कितीदा ऐकल्या असतील. सुरुवातीच्या नोंदीत मोठी तीन वर्षांची आहे. ती सांगते की पोदेराच्या टोपलीत पावांच्या खाली ससा झोपतो, म्हणून पाव गरम असतात. धाकटा मागे नुसता 'पॅ पॅ' करतो. बारा महिन्यांच्या नोंदीत तो "पोदेल आयलो" म्हणतो. हे शेजारच्या मावशीचं कोंकणी, आमच्या घरचं नाही.

तुम्ही केलंत तर प्रश्न तुमच्या घरातला निवडा. दूधवाला, लिफ्ट, खालचा कुत्रा, काहीही चालेल, फक्त तो बदलू नका आणि मुलांना 'नीट सांग' म्हणू नका. तारीख दोन-चार दिवस इकडेतिकडे झाली तरी हरकत नाही, लॅबमध्येही तेवढी सवलत असते.

गेल्या महिन्यात चोविसाव्या महिन्याची नोंद झाली. मोठी आता पाचची. सरळ म्हणाली, "पाच पोई आणि दोन उंडे. आई, तुझ्यासमोरच तर घेतले." सशाचं नावही नाही. धाकटा पहिल्यांदा स्वच्छ 'पोदेर' म्हणाला, आणि तो 'र' ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. मी रेकॉर्डिंग बंद करायला बोट पुढे केलं तेवढ्यात तो माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "हळू बोल, ससा निजलाय." ताईने त्याला हे कधी सांगितलं, कोणालाच माहीत नाही. तीही म्हणते, मी नाही सांगितलं.