एका दिवसाचे बुऱ्हाणपूर

प्रश्न: आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची वीस-बावीस जणांची सहल येत्या डिसेंबरात बुऱ्हाणपूरला न्यायची आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही असेच गेलो होतो. गाइडने सकाळी नऊपासून सायंकाळी सहापर्यंत चौदा ठिकाणे दाखवली. प्रत्येक ठिकाणी उतरायचे, फोटो काढायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे, असा दिवस गेला. घरी आल्यावर कोणती कबर कोणाची हेच कोणाला आठवेना. दिवस एकच हाताशी आहे. तो कसा आखावा?
(एक निवृत्त शिक्षिका, रावेर)

उत्तर: आपल्या पत्रातच निम्मे उत्तर आले आहे. चौदा ठिकाणे म्हटली की एकेकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो, आणि त्यातलाही बराचसा वेळ माणसे मोजून गाडीत बसवण्यात जातो. या वेळी गाइडशी बोलणी करतानाच स्पष्ट सांगा की आम्हाला चारच ठिकाणे पाहायची आहेत, पण तिथे घाई चालणार नाही. काही गाइड नाराज होतात, कारण त्यांचा पाठ ठरलेला असतो. मात्र श्रोते मन लावून ऐकणार आहेत असे दिसले की त्यांच्यातला जाणकार खुलतो, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात शहरात न करता शहराबाहेर, कुंडी भंडाऱ्यापासून करा. मी आजवर जेवढ्यांना बुऱ्हाणपूर दाखवले त्या सगळ्यांना आधी तिथेच नेले, कारण एवढे मोठे शहर पाणी कुठून पीत होते हे समजल्यावर पुढचे वाडे, मशिदी आणि हमामखाने यांचा अर्थ आपोआप लागत जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे सरकत असते. ते वाटेतच अडवून, भुयारी मार्गाने, मोट किंवा रहाट न लावता केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणण्याची ही योजना १६१५ च्या सुमारास मोगल सरदार अब्दुल रहीम खानखाना याच्या काळात आकाराला आली आणि तिची आखणी तबकुतुल अर्ज या इराणी भूजल-जाणकाराने केली. भुयाराच्या मार्गावर थोड्या थोड्या अंतराने जमिनीपर्यंत उभ्या विहिरी काढलेल्या आहेत. त्याच या कुंड्या. शंभराहून अधिक आहेत. त्यांच्यामुळे भुयारात हवा खेळती राहते आणि गाळ उपसायला माणूस खाली उतरू शकतो. हे सारे पाणी पुढे जाळी करंज नावाच्या हौदात जमा होऊन तिथून शहरात वाटले जात असे.

एका कुंडीत आता लिफ्ट बसवलेली आहे आणि ती सुमारे ऐंशी फूट खाली नेते. ती चालू आहे का, हे आदल्या दिवशीच गाइडकडून खात्रीने विचारून घ्यावे. खाली पाय थेट वाहत्या पाण्यात पडतात. भिंतींवर क्षारांचा पांढरा थर साचला आहे. त्यावरून तळहात फिरवला की ओल्या खडूसारखा खरखरीत लागतो. मान वर केली की कुंडीच्या तोंडातून रुपयाएवढे आभाळ दिसते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी मात्र वरच थांबावे, कारण तळ निसरडा आहे. वर थांबणाऱ्यांनाही पाहण्यासारखे पुष्कळ आहे: शेतांच्या कडेने कुंड्यांची गोल तोंडे एका ओळीत शहराकडे जाताना दिसतात, आणि खालच्या पाण्याची वाट त्यांच्यावरून डोळ्यांनी चालत जाता येते. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत या स्थळाचा समावेश झाला. आपण आयुष्यभर शिकवले आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सोबत्यांना जरूर सांगा. शाळेच्या हिंदी पुस्तकात ज्याचे दोहे आपण मुलांकडून पाठ करून घेतले तो कवी रहीम म्हणजे हाच खानखाना. त्याच काळात छत्रपती संभाजीनगरची नहर बांधणारा मलिक अंबर हा त्याचा रणांगणावरचा प्रतिस्पर्धी होता. लढाईत समोरासमोर उभ्या राहणाऱ्या दोघांच्या शहरांना पाणी मिळाले ते मात्र एकाच विद्येने.

तिथून जुन्या शहरातल्या जामा मशिदीत जा. शुक्रवारची दुपार टाळावी. खान्देशचा सुलतान राजा अली खान फारुकी याने बांधलेल्या या काळ्या पाषाणाच्या मशिदीत अरबी लेखाबरोबरच नागरी लिपीत कोरलेला संस्कृत शिलालेख आहे. तो सृष्टिकर्त्याला वंदन करून सुरू होतो, फारुकी घराण्याची वंशावळ सांगतो आणि मशिदीचा काल विक्रम संवत १६४६, शके १५११ असा, आपल्या पंचांगाच्या रीतीने देतो. बहुतेक गाइड त्याच्याकडे बोट दाखवून पुढे सरकतात. आपण सरकू नये. विजेरी बरोबर ठेवा, तिरपा उजेड टाका आणि गटातल्या संस्कृत जाणणाऱ्या एखाद्याला अक्षर अक्षर लावून वाचू द्या. अशा तऱ्हेने लागलेली एक ओळ दहा फोटोंपेक्षा अधिक काळ लक्षात राहते. त्यानंतर याच मशिदीवर अकबराच्या स्वारीचा फारसी लेख शोधा. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला आणि फारुकींचे राज्य संपले, त्यानंतरचा तो आहे. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या अंतराने दोन राजवटी एकाच दगडी इमारतीवर तीन भाषांत बोलून गेल्या आहेत.

जेवणानंतर शाही किल्ला आणि त्यातला हमामखाना पाहावा. त्याच्या छतावरच्या रंगीत नक्षीचे काही भाग अजून टिकून आहेत, आणि स्नानगृहातल्या पाण्याच्या वाटा पाहताना सकाळी पाहिलेली कुंडी आठवल्याशिवाय राहत नाही. सायंकाळ राजघाटावर घालवावी. पाणी कमी असेल तर तापीच्या पात्रातला दगडी हत्ती दिसतो. समोरच्या काठावर जैनाबाद आहे. असीरगड त्याच दिवसात बसवण्याचा आग्रह गाइड धरील, तो मान्य करू नका. त्या गडाला स्वतंत्र दिवस हवा.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाच्या सहलीत गाइडने सांगितले की ताजमहाल खरे तर बुऱ्हाणपूरलाच बांधायचा होता, पण तापीकाठच्या मातीला वाळवी लागत असल्यामुळे तो बेत रद्द झाला. हे खरे मानावे का?
(एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर: यातला गाभा इतिहास आहे आणि बाकीची कहाणी आहे. मुमताज महलचा मृत्यू १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपुरातच, चौदाव्या बाळंतपणात झाला, हे पक्के आहे. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेण्यात आला, हेही पक्के आहे. वाळवीची आणि संगमरवर वाहून आणण्याच्या अडचणीची गोष्ट मात्र लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली आहे. ती अवश्य ऐकावी, कारण आपल्या गावातून काहीतरी मोठे निसटले ही हळहळ तीत आहे. फक्त वहीत लिहिताना वेगळ्या पानावर लिहावी. मी स्वतः वहीच्या डाव्या पानावर कोरलेले आणि नोंदलेले, तर उजव्या पानावर सांगितलेले, अशी विभागणी करतो. कुंडी भंडाऱ्याला ‘खुनी भंडारा’ का म्हणतात याच्या तीन वेगवेगळ्या कथा माझ्या उजव्या पानांवर आहेत.

जैनाबादच्या त्या बागेतल्या, म्हणजे आहुखान्यातल्या, पडक्या वास्तूपाशी उभे राहिल्यावर गाइडला एक प्रश्न विचारा: त्या वर्षी या शहरात आणखी काय चालले होते? बहुतेकांना हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खान्देश आणि दख्खन भीषण दुष्काळात होरपळत होते. शाहजहानने बुऱ्हाणपुरात अन्नछत्रे उघडली आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटण्याची आज्ञा दिली, अशी दरबारी इतिहासात नोंद आहे. देहूत तुकोबांच्या घरावर ज्या दुष्काळाने घाला घातला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, तो हाच. बादशाहाची बेगम आणि तुकोबांची पत्नी यांचे मृत्यू एका-दोन वर्षांच्या अंतराने, त्याच मुलखावरच्या त्याच आपत्तीच्या काळात झाले, हे ध्यानात आल्यावर मला त्या जागी ताजमहालाचा विचार फार वेळ करता आला नाही.

प्रश्न: बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. मग खान्देशी माणसाने ते आपले म्हणून का पाहावे? आणि मराठ्यांच्या इतिहासातले तिथे काय आहे?
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर: आजची राज्यसीमा रावेरच्या पुढे थोड्याच अंतरावर आडवी येते, पण केळीच्या बागा, सोयरिकी आणि बाजारातली बोली तिला जुमानत नाहीत. फारुकींची पहिली गादी आपल्या शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला होती. त्यांच्या जुन्या कबरी आजही तिथे आहेत. घराण्याचा संस्थापक मलिक राजा याचा मुलगा नसीर खान याने १४०० च्या सुमारास तापीकाठी हे शहर वसवले आणि खुलताबादचे सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले, तर पलीकडच्या काठाला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांचे. अकबराने सुभ्याचे नाव शाहजादा दानियालवरून ‘दानदेश’ असे बदलले होते. लोकांनी ते तोंडी बसू दिले नाही आणि खान्देश खान्देशच राहिला. त्या खान्देशाची राजधानी पाहायला आपण जात आहात.

मराठ्यांच्या खुणा इमारतींपेक्षा जागांमध्ये अधिक आहेत. संभाजी महाराजांच्या फौजांनी १६८१ च्या आरंभी तटाबाहेरच्या बहादूरपुऱ्यावर आणि इतर पुऱ्यांवर धडक दिली, तो बहादूरपूर आजही त्याच नावाने ओळखला जातो. पुरंदरचा तह घडवणारा मिर्झाराजा जयसिंग दख्खनेतून परतताना ऑगस्ट १६६७ मध्ये इथेच वारला. तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळची ‘राजा की छत्री’ त्याची आहे. पहिला निजाम असफजाह १७४८ मध्ये याच शहरात मरण पावला, आणि उदगीरच्या लढाईनंतर, १७६० मध्ये, शहर निजामाकडून पेशव्यांकडे आले. इतके लक्षात ठेवून गाइडला शनवारा, इतवारा, बुधवारा या भागांतून पायी न्यायला सांगा. वारांच्या नावांची वस्ती पुण्याच्या पेठांमधून आपल्या ओळखीची असते. शनवाऱ्याकडून आत शिरताच गल्लीगल्लीतून यंत्रमागांची खटखट ऐकू येते, आणि मोगल काळात जे कापड दूरदेशी जात असे त्याचा धंदा अजून हातपाय हलवतो आहे हे कानांनीच कळते. त्यासाठी कोणत्याही तिकिटाची गरज नाही.

प्रश्न: दोन लहान मुले आणि सासूबाई यांना घेऊन जायचे आहे. मशीद, दर्गा, गुरुद्वारा अशा ठिकाणी सर्वांना जाता येते का? जेवणाचे काय करावे?
(एक गृहिणी, भुसावळ)

उत्तर: नमाजाची वेळ सोडून जामा मशीद पाहता येते. अंगभर कपडे, डोक्यावर पदर किंवा रुमाल आणि सहज काढता येतील अशी पादत्राणे एवढी काळजी पुरे. कुठे थांबायचे हे तिथल्या माणसांना विचारावे. मराठीत विचारले तरी उत्तर मिळते. बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी, गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला जाताना १७०८ मध्ये जिथे मुक्काम केला तो गुरुद्वारा आणि नागझिरीचे कबीरपंथी मंदिर यांपैकी एकच निवडा. मुलांचा विचार करता मी दर्ग्याचा परिसर सुचवेन, कारण तिथे स्वच्छता आणि मोकळी जागा दोन्ही आहेत.

आपल्याकडे लग्नाकार्यात खापरावरचे मांडे होतात. बुऱ्हाणपूरचे मांडेही रुमालासारखे मोठे आणि पातळ असतात, पण ते रश्शाबरोबर खातात. सासूबाईंना ते भाजताना दाखवा. हातावर कणकेचा गोळा झुलवत तो कोपरापर्यंत पसरवणारा कारागीर पाहून त्यांना आपल्या माहेरचे हात आठवतील. गोडात माव्याची जिलेबी गरम असतानाच खावी. रवा, साखर आणि तूप फेटून केलेला दराबा मात्र डब्यात घरी आणावा, तो टिकतो. स्टेशन लालबागेत, जुन्या शहरापासून काही किलोमीटर दूर आहे, तेव्हा परतीच्या गाडीच्या निदान तासभर आधी राजघाटावरून निघा.