पीडीएफवर डबल क्लिक केलं की एज ब्राउझरच उघडतो. ती कायम ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडावी यासाठी काय करू? (विंडोज ११)

रीडर आधीच इन्स्टॉल केलेला असेल तर मिनिटभराचं काम आहे. कुठल्याही पीडीएफवर राइट क्लिक करा, 'ओपन विथ'वर जा आणि तिथे 'चूज अनदर ॲप' निवडा. यादीत रीडरवर क्लिक करा आणि खालचं 'ऑलवेज' बटण दाबा. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं: शेजारच्या 'जस्ट वन्स'वर बोट पडतं, फाइल तेवढ्यापुरती रीडरमध्ये उघडते आणि पुढच्या वेळी पुन्हा एज हजर! 'ओपन विथ'च्या यादीतून थेट रीडर निवडला तरी तेच होतं.

इन्स्टॉल न करता नुसतं फोल्डरमधून चालणारं सॉफ्टवेअर (सुमात्रा पीडीएफची पोर्टेबल आवृत्ती वगैरे) यादीत बऱ्याचदा दिसत नाही. मग यादीच्या तळाशी जाऊन 'चूज ॲन ॲप ऑन युअर पीसी' घ्या आणि त्याची ईएक्सई फाइल (ज्याने ते सॉफ्टवेअर सुरू होतं ती) दाखवा.

सेटिंग्जमधूनही जमतं: ॲप्स, मग डीफॉल्ट ॲप्स. वरच्या चौकटीत टिंबासकट पीडीएफचं एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाच्या शेवटी असतं ते .pdf, टाइप करा आणि खाली दिसणाऱ्या ॲपवर क्लिक करून रीडर निवडा. मला राइट क्लिकच सोपं वाटतं.

हे ठरतं ते एक्स्टेन्शनप्रमाणे. म्हणजे उद्या फोटोंसाठी असंच करायचं झालं तर जेपीजी आणि पीएनजी दोन्हींसाठी वेगवेगळं करावं लागेल. आणि कुणी सांगितलं म्हणून फाइलचं एक्स्टेन्शन बदलत बसू नका, त्याने आतला मजकूर बदलत नाही.