यवन, ग्रीक की हेलेनी?

प्रश्न असा आला आहे: प्राचीन ग्रीकांबद्दल मराठीत लिहिताना ‘ग्रीक’ हा उसना शब्द कशाला, आपला ‘यवन’ असताना?

माझं मत ‘ग्रीक’च्या बाजूने आहे, पण तो त्यांचा स्वतःचा शब्द आहे म्हणून नव्हे. ही दोन्ही नावं परक्यांनी रुळवलेली. आशिया मायनरच्या किनाऱ्यावर मिलेटस, एफेसस इथे राहणाऱ्या आयोनियन या ग्रीक शाखेच्या लोकांशी इराण्यांचा संबंध आला आणि त्यांनी सरसकट साऱ्या ग्रीकांना ‘यौन’ म्हटलं. अशोकाच्या लेखांतला ‘योन’ आणि संस्कृत ‘यवन’ त्याच कुळातले. पण ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की खुद्द अथेन्सवासीयांना आयोनियन म्हणवून घ्यायला संकोच वाटे. स्पार्टावाले तर डोरियन या वेगळ्या शाखेचे, त्यांचा या नावाशी काहीच संबंध नाही. ‘ग्रीक’ आला लॅटिनमधून.

ते स्वतःला ‘हेलेनेस’ म्हणवत. हे नावही पहिल्यापासून सगळ्यांचं नव्हतं. होमरच्या काव्यात ते मुख्यतः अकिलीस या वीराच्या माणसांपुरतं आहे. बाकीचे अखियन, आर्गाइव्ह, दानाअन. इतिहासकार थ्युसिडिडीसने हे नेमकं हेरलं होतं. हेरोडोटसच्या ग्रंथात अथेन्सवासी स्पार्टाच्या दूतांना सांगतात की आपलं रक्त एक, भाषा एक, देवस्थानं आणि यज्ञ एक, चालीरीती एक. मग आम्ही इराण्यांना कसे मिळू? पुढे इ.स.पू. 380च्या सुमारास अथेन्सचा वक्तृत्वशिक्षक आयसोक्रेटिस म्हणतो की हेलेनी हे नाव आता वंशापेक्षा आमच्या शिक्षणात वाढलेल्यांना लागू पडतं. शंभर वर्षांच्या आत रक्त मागे पडलं, हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

त्यानंतर तर नावच पालटलं. इ.स. 212मध्ये रोमन सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना रोमन नागरिकत्व दिलं. ग्रीक बोलणारेही स्वतःला ‘रोमाइओइ’, म्हणजे रोमन, म्हणवू लागले आणि ख्रिस्ती काळात ‘हेलेन’चा अर्थ मूर्तिपूजक असा झाला.

‘यवन’ची खरी जागा आपल्याकडच्या लेखांत आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत 17व्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त. त्याच्या बापाचं नाव धम्मदेव, आणि लेखात इंद्राग्निदत्ताला ‘योणक’, म्हणजे यवन, म्हटलं आहे. तिथे ‘ग्रीक’ लिहिलं तर अर्थ बिघडेल. उलट अथेन्सचा नेता पेरिक्लीस याला यवन म्हटलं, तर बखरी वाचलेल्या मराठी वाचकाच्या मनात आधी मुसलमान हाच अर्थ येईल. म्हणून एरवी ‘ग्रीक’ लिहावं, आणि ते स्वतःला कोण समजत हा मुद्दा असेल तिथे ‘हेलेनी’.