बटण दाबलं की संपणारी खेळणी

प्रश्न : मी तीन भाच्यांची आत्या. थोरली सहा वर्षांची, मधला साडेतीनचा, धाकटी चौदा महिन्यांची. मागच्या नाताळात मधल्याला अक्षरं शिकवणारा, गाणी म्हणणारा खेळण्यातला लॅपटॉप दिला. खोक्यावर ‘शैक्षणिक’ असं ठळक छापलं होतं. चार दिवसांत त्याचं झाकण निखळलं. थोरलीच्या जिगसॉचे दोन तुकडे हरवले आणि ते माळ्यावर गेलं. वहिनी म्हणाली, “मुलंच ती वन्सं, मोडणारच.” पण माझ्या मनाला ते लागून राहिलं. यंदा टिकेल आणि मुलांना काही देऊन जाईल असं घ्यायचंय. मात्र लाकडी ठोकळे दिले तर बाकीच्यांच्या मोठाल्या खोक्यांपुढे माझी भेट फिकी पडेल, अशीही धास्ती आहे. काय करू?
– एक आत्या

प्रिय आत्या,

तुमच्या वहिनींनी तुमचं मन राखलं, पण दोष मुलाचा नव्हता. असल्या लॅपटॉपचं झाकण प्लॅस्टिकच्या दोन बारीक खुंट्यांवर फिरतं. साडेतीन वर्षांचं मूल झाकण सरळ उघडत नाही, हाताला येईल तो एक कोपरा धरून वर ओढतं. सगळा पीळ एकाच खुंटीवर येतो आणि ती तुटते. म्हणून खेळणं हातात घेतलं की आधी हलणारे सांधे शोधा. प्रत्येक सांधा एका कोपऱ्याला धरून हळूच पिळून बघा. मग उलटं करून पाहा : स्क्रू दिसले तर ते उघडून दुरुस्त करता येईल, नुसता चिकटवलेला जोड असेल तर तुटलं की टाकूनच द्यावं लागेल.

झाकण टिकलं असतं तरी काय झालं असतं? बटण दाबलं की तेच गाणं. सगळं काम खेळणं करतं, मुलाच्या वाट्याला फक्त दाबणं उरतं. २०१५ च्या अखेरीस अमेरिकेतल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १० ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्या होत्या. बोलणारी-गाणारी खेळणी मध्ये असताना पालक बाळाशी सर्वांत कमी बोलले आणि पुस्तकं असताना सर्वांत जास्त. म्हणजे भाषा शिकवायला आणलेल्या खेळण्यानं घरातली बोलणारी माणसंच गप्प केली. ‘शैक्षणिक’ हा शब्द बहुतेक वेळा विक्रीसाठी असतो, त्यावर विसंबू नका.

वयाचा शिक्का मात्र गांभीर्यानं घ्या. लाल वर्तुळात बाळाचा चेहरा, ०-३ हे आकडे आणि त्यावर तिरकी रेघ असेल, तर त्याचा मुलाच्या हुशारीशी काही संबंध नाही. त्या खेळण्यात घशात अडकू शकेल असं काहीतरी आहे. तुमच्या भावाच्या घरात चौदा महिन्यांचं बाळ आहे, त्यामुळे थोरलीला दिलेली वस्तूही त्याच जमिनीवर पडणार आहे. घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या वयानं निवड करा. प्रयोगशाळेत यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. घरी पुठ्ठ्याची तेवढी नळी वळवा, नाहीतर टॉयलेट पेपरची रिकामी नळी घ्या. ती थोडी रुंद असते, म्हणून चाचणी अधिकच कडक होते. जे पूर्ण आत बसतं ते धाकटीच्या हाताला लागता कामा नये. चेंडू साडेचार सेंटिमीटरहून मोठा असावा आणि दोरी वीतभराहून लांब नसावी.

दोन गोष्टींवर तडजोड नको. एक, नाण्यासारख्या चपट्या बटण-बॅटऱ्या. अन्ननलिकेत अडकल्या तर त्यांच्या विद्युतप्रवाहानं आतली त्वचा दोन तासांत गंभीर भाजू शकते, बॅटरी गळायचीही गरज नसते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न काढता थेट रुग्णालय गाठायचं. बॅटरीचा कप्पा स्क्रूनं बंद होत नसेल तर ते खेळणं परत ठेवा. उघडताच गाणारं शुभेच्छापत्रही भेटीला जोडू नका, त्यातही हीच बॅटरी असते. दुसरी गोष्ट, शक्तिशाली छोटे चुंबक. दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन पदरांना मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात आणि भोक पाडतात.

आता काय घ्यायचं ते सांगते. तिघांत मिळून लाकडी ठोकळ्यांचा एकच भरपूर मोठा संच घ्या आणि थोरलीला नि धाकटीला सोबत एकेक छोटी वस्तू. ठोकळे फिके वाटायचं कारण नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तिथूनच पुढे किंडरगार्टन, म्हणजे बालवाडी, आलं. त्यांच्या खेळण्यांचं नावच मुळी ‘भेटी’ होतं आणि त्यातली तिसरी भेट म्हणजे आठ छोट्या घनांचा मिळून झालेला एक लाकडी घन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी अमेरिकेत ‘युनिट ब्लॉक’, म्हणजे ठरावीक मापाचे लाकडी ठोकळे, रूढ केले. त्यांची जाडी, रुंदी, लांबी १:२:४ या प्रमाणात असते, साधारण साडेतीन, सात आणि चौदा सेंटिमीटर. दोन अर्धे ठेवले की एक पूर्ण, दोन पूर्ण ठेवले की एक दुप्पट. अपूर्णांक हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी ते हाताला कळलेलं असतं.

हे प्रमाण नेमकं असेल तरच पैसे वसूल, म्हणून दुकानातच तपासा. पूर्ण ठोकळ्याशेजारी दोन अर्धे टोकाला टोक लावून ठेवा आणि टोकांवरून नख फिरवा. नख अडकलं तर कापणी चुकलेली आहे. दहा सारखे ठोकळे एकावर एक रचा. ठोकळ्याच्या दोन टोकांच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी मनोरा कलायला लागतो. मुलाच्या पुलाचे दोन खांब असमान निघाले की वरची पट्टी डुगडुगते, आणि चूक ठोकळ्याची असून मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

लाकूड बीच किंवा मेपलसारखं कठीण हवं. पाइन मऊ असतं, नख रोवलं तरी व्रण उठतो आणि सहा महिन्यांत कोपरे चेचले जातात. लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले, वर रंग दिलेले ठोकळे तर धाकटीमुळेच नकोत. लाळेनं कोपरा भिजला की आतला भुसा फुगतो आणि रंगाच्या पापड्या सुटतात. रंग न दिलेले, कडा गोलसर घासलेले ठोकळे सर्वांत बरे.

चाळीसपेक्षा कमी घेऊ नका. घर अर्धं होतं तोच ठोकळे संपतात आणि भांडणं सुरू होतात. साठांचा संच असा जमवा : २४ पूर्ण, १२ अर्धे, १२ दुप्पट, ८ त्रिकोणी, ४ गोल खांब. पूर्ण मापाचा असा संच पंधरा किलोच्या आसपास जातो, आणि जवळजवळ अर्ध्या किलोचा दुप्पट ठोकळा धाकटीच्या पायावर पडणं परवडणारं नाही. म्हणून निम्म्या मापाचे घ्या. तिन्ही मापं निम्मी झाली की वजन आठव्या हिश्श्यावर येतं, अख्खा संच दोन किलोंच्या आत बसतो. सर्वांत छोटा तुकडा मात्र नळीतून तपासून घ्याच.

हेच ठोकळे तिघं तीन तऱ्हांनी खेळतील. धाकटी ते नुसते उचलून इकडून तिकडे नेईल आणि डब्यात टाकून आवाज ऐकेल. मधला रांगा, मनोरे, मग पूल करील. थोरली चारी बाजूंनी कुंपण घालून आत घर मांडील. तिघांची वयं वाढतील तसा तोच संच पुढे चालेल, आणि टिकाऊपणाचा हा अर्थ मला लाकडाच्या कठीणपणाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

धाकटीला पांगुळगाडा द्या, ढकलत चालायचा. बाळ आत बसतं ते चाकांचं वॉकर अजिबात नको. त्यानं चालणं लवकर येत नाही, जिन्यावरून पडून डोक्याला इजा मात्र होते. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. पांगुळगाड्याची दांडी खाली दाबून बघा. पुढची चाकं उचलली गेली तर बाळ धरून उभं राहताना गाडा त्याच्या अंगावर येईल. चाकं गुळगुळीत फरशीवर सुसाट पळतात, म्हणून रबरी पट्टी असलेली घ्या आणि तळाशी दोन-तीन किलोंची पुस्तकं घट्ट बसवा.

थोरलीला खरं भिंग. तिपटीपासून पाचपटीपर्यंत मोठं दाखवणारं, सहा-सात सेंटिमीटर रुंद. दहापटीचं घेऊ नका. ते वस्तूपासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं, मुलाचा हात तेवढा स्थिर राहत नाही आणि सगळं धूसर दिसतं. ॲक्रिलिकचं असेल तर कोरड्या फडक्यानं पुसू नका, ओरखडे पडतात. उन्हात टाकून ठेवलं तर कागद पेटू शकतो आणि त्यातून सूर्याकडे कधीच बघायचं नाही, हे तिला देतानाच सांगा.

तुम्हाला जिगसॉ द्यायचंच असेल, तर देण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या मागे एकच खूण करा आणि सोबत बंदाची कापडी पिशवी द्या. तुकडे हरवतात ते बहुधा खोक्याचं झाकण फाटल्यावर.

राहिली फिकं पडण्याची धास्ती. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली. चारच असताना मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. नाताळच्या सकाळी खोक्यांच्या ढिगात हीच अडचण होते, तेव्हा वहिनींशी आधीच बोला : काही भेटी त्यांनी जानेवारीत काढल्या तर चालेल का? तुम्ही विचारलंत तर त्यांना उलट हायसं वाटेल.

आदल्या रात्री ठोकळे खोक्यातून काढा, तारा नि प्लॅस्टिक फेकून द्या, आणि दोन बोटं फिरवत प्रत्येक कड तपासा. कुसळ लागलं तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. संच उघड्या टोपलीत ठेवा. सकाळी मुलं इतर खोक्यांशी झटत असताना तुम्ही जमिनीवर बसून दोन ठोकळे उभे करा, त्यावर तिसरा आडवा ठेवा, आणि मधल्याला जागा ठेवून थोड्या बाजूला सरका.